पॉलिश सगळ्यात शेवटी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात लिहिणारी माणसं खूप आहेत. दिवाळी अंक आहेत, शाळांच्या आणि सोसायट्यांच्या स्मरणिका आहेत, महाविद्यालयांचे वार्षिक अंक आहेत, ज्ञातिसंस्थांची मासिकं आहेत, वाचनालयांच्या स्पर्धा आहेत. अशा ठिकाणी येणारा मजकूर मी बराच काळ वाचत आलो आहे आणि त्यातला एक दोष इतक्या वेळा भेटतो की त्यावर वेगळं लिहायला हवं. पहिल्या परिच्छेदावर लेखकाने जिवापाड मेहनत घेतलेली असते. शब्द बदलून बदलून गुळगुळीत केलेले असतात. चौथ्या परिच्छेदात मात्र तीच गोष्ट दुसऱ्यांदा येते, सहाव्यात विषय सुटतो आणि शेवट कुठून आला ते कळत नाही. दार चौकटीत बसत नाही, खण अडकतात, पण वरून पॉलिशचे दोन हात मारलेत, अशा कपाटासारखी त्या लेखाची अवस्था असते.

सुतार असं करत नाही. त्याच्या कामाला क्रम असतो आणि तो क्रम मोडला तर वस्तू बिघडते, हे त्याला शिकाऊ वयातच कळलेलं असतं. लिहिणाऱ्याला हा क्रम कुणी शिकवत नाही. शाळेत आपल्याला निबंध लिहायला सांगतात, तपासून लाल खुणांसकट परत देतात; तोच निबंध पुन्हा घेऊन बसायला सांगत नाहीत. त्यामुळे संपादन म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढणं, अशी समजूत घट्ट बसते.

आपल्या भागाला लाकूडकामाची ओळख जुनी आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीत जहाजबांधणी सुरू केली. खाडी हाताशी होती आणि पाठीशी सागाचं रान होतं. आज नव्या इमारतींत करवतीच्या जागी विजेचा कटर ऐकू येतो, साहित्य प्लायवूड आणि सनमायकाचं झालं आहे, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तयार पलंग मिळतो. तरी तुमच्या किंवा शेजारच्या घरी मिस्त्रीचं काम चालू असेल, तर थोडा वेळ काढून त्याच्याजवळ बसा. कोणतं काम तो आधी करतो आणि कोणतं मागे ठेवतो, तेवढं टिपून घ्या. पुढचं सगळं त्यावरच आहे.

ओलं लाकूड

ओल्या लाकडाचं दार केलं तर ते पुढे पिळतं, आकसतं आणि सांधे उघडे पडतात. म्हणून जुने कारागीर फळ्यांची थप्पी लावत, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालत आणि वारं खेळेल अशा सावलीत ती ठेवून देत. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष, असा ढोबळ हिशेब असे.

नुकता लिहून संपवलेला लेखही ओला असतो. मनात जे होतं ते सगळं कागदावर उतरलं आहे, असं लेखकाला वाटत राहतं. जे लिहायचं राहून गेलं तेही त्याला त्या पानावर दिसतं. हा भास ओसरेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. दीड-दोन हजार शब्दांच्या लेखाला निदान एक आठवडा द्या, कथेला महिना द्या. त्या काळात तो उघडूनही पाहू नका. रोज थोडं थोडं वाचलं तर मजकूर पाठ होतो आणि पाठ झालेल्या मजकुरातले दोष दिसत नाहीत.

इतका वेळ नसेल तर मजकुराचं रूप बदला. पडद्यावर लिहिलेलं छापून काढा, अक्षराचा आकार बदला. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो उपाय म्हणजे लेख स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ऐकणं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद गाडीनेही तास-सव्वा तास लागतो. त्या गर्दीत कागद उघडता येत नाही, पण कानाला लावून ऐकता येतं. ऐकताना जिथे तुमचंच लक्ष बाहेर गेलं, तिथे मजकुरात काहीतरी बिघडलं आहे असं धरून चाला आणि घरी आल्यावर ती जागा आधी उघडा.

ठाण्यानेच याचं मोठं उदाहरण घालून दिलं आहे. विनायक लक्ष्मण भावे ठाण्याचे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या मुळाशी तेच होते. त्यांचं 'महाराष्ट्र सारस्वत' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निबंधाच्या रूपात 'ग्रंथमाले'त आलं. भाव्यांनी ते तिथे सोडलं नाही. जुन्या पोथ्या मिळवत, वाचत, पडताळत राहिले आणि १९१९ मध्ये त्याची खूप वाढवलेली आवृत्ती काढली. त्यांच्या मागे शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडून ते पुढच्या पिढीपर्यंत आणलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा विचार आजही ज्या पुस्तकाला वळसा घालून करता येत नाही, ते पुस्तक पहिल्या छपाईनंतर वीस वर्षं त्याच लेखकाच्या हाताखाली होतं. आपल्याला एक आठवडा जड वाटतो.

माप आणि कापणी

प्लायवूडचा तक्ता आठ फूट बाय चार फूट. चांगला मिस्त्री कटर लावण्याआधी त्यावर पेन्सिलीने सगळे तुकडे आखून घेतो: बाजूच्या फळ्या, खण, पाठ. आधी मोठे तुकडे बसवतो आणि उरलेल्या जागेत लहान. लेखाचंही असंच करा. संपादकाने आठशे शब्द मागितले असतील तर मुख्य मुद्द्याला किती, उदाहरणाला किती, प्रस्तावनेला किती, हे आधी ठरवा. प्रस्तावनेला सगळ्यात कमी द्या. चौदाशे शब्द पाठवून 'हवं ते कापा' असं कळवणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटतं आपण मोकळीक दिली. प्रत्यक्षात त्यांनी आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलेलं असतं आणि मग तो जे कापेल त्यावर रुसायचा हक्कही गमावलेला असतो.

खर्डा तयार असेल तर माप घ्यायची सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते समासात एका ओळीत लिहा. परिच्छेदातला शब्द उचलू नका, आपल्या शब्दांत लिहा. दोन परिच्छेदांसमोर एकच ओळ आली तर त्यातला एक जायला हवा. एखाद्यासमोर ओळच सुचली नाही तर त्याला काम नाही. मग नुसत्या समासातल्या ओळी वरून खाली वाचा. त्या वाचून तुमचा मुद्दा परक्या माणसाला कळला, तर लेखाचा सांगाडा उभा आहे. ही एवढी एक गोष्ट केली तरी निम्मं संपादन झालं, असं माझं मत आहे, आणि नेमकी हीच गोष्ट टाळली जाते, कारण तिच्यात आवडते परिच्छेद बळी पडतात.

कापलेले तुकडे फेकू नका. त्यांची वेगळी फाइल ठेवा. सुताराच्या कोपऱ्यात लहान तुकड्यांचा ढीग असतोच आणि त्यातूनच पुढे एखाद्या खणाला आधार निघतो. आवडता परिच्छेद कायमचा गेला नाही, जपून ठेवला आहे, हे माहीत असलं की तो काढताना हात कचरत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: करवत चालते तेव्हा पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातंच. मधला परिच्छेद काढला की त्याच्याबरोबर वरचं आणि खालचं वाक्यही थोडं दुखावतं. 'वर सांगितल्याप्रमाणे' असं कुठेतरी राहून जातं आणि वर काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून कापणी झाली की दोन्ही कडा तपासा.

सांधे

कल्याणच्या जुन्या वाड्यांतलं लाकूडकाम पाहायला मिळालं तर जोडाच्या जागा बघा. एका लाकडात खाच, दुसऱ्याला त्या मापाचं कुसू, आणि बसवल्यावर आडवी लाकडी खुंटी. लोखंडी खिळ्याचं काम फार थोडं. खिळा ठोकणं सोपं असतं, पण तो गंजतो, लाकूड फाडतो आणि काही पावसाळ्यांनी हलायला लागतो.

लेखनातले खिळे म्हणजे 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय', 'याव्यतिरिक्त', 'दरम्यान'. दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध नसला की आपण मध्ये यातला एखादा ठोकतो. हे शब्द वाईट नाहीत. जिथे खरोखरच भर घालायची आहे तिथे ते हवेत. पण खर्ड्यातले असे सगळे शब्द एकदा खोडून पाहा. वाक्यं तरीही एकमेकांना धरून राहिली तर त्या शब्दांची गरज नव्हती. ती सुटी पडली तर शब्द परत घालू नका, वाक्यं बदला. पहिल्या वाक्याच्या शेवटी जे आलं त्यापासून दुसरं सुरू झालं की सांधा आपोआप बसतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने हे साधायला थोडं कौशल्य लागतं: क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द आहे, त्यालाच पुढच्या वाक्यात पुढे आणायचं. 'बाबांनी जाताना एक ट्रंक ठेवली होती. ट्रंकेत पत्रं होती. पत्रांवर पत्ता कल्याणचा.' इथे एकही जोडशब्द नाही आणि वाक्यं सुटी करता येत नाहीत.

'पण' आणि 'म्हणून' यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. हे दोन शब्द वाचकाला वचन देतात. 'म्हणून' म्हटलं की मागे कारण असलं पाहिजे, 'पण' म्हटलं की पुढे विरोध असला पाहिजे. स्मरणिकांच्या मजकुरात निम्मे 'म्हणून' कारणाविना असतात. 'तो' आणि 'त्यांनी' यांचीही चौकशी करा. वाक्यात दोन पुरुष असतील आणि मग 'त्याने' आलं, तर वाचक थांबतो. नाव पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही.

जुन्या दिलेदार दरवाजात मधली फळी चौकटीला घट्ट चिकटवत नाहीत, चरात सैल बसवतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं. जागा नसेल तर फळी किंवा चौकट फुटते. लेखातही एखादी जागा अशी सैल ठेवायला शिका. आजीने शेवटच्या दिवसांत कुणाची आठवण काढली, ते सांगून झाल्यावर 'यावरून तिचं प्रेम दिसून येतं' असं लिहू नका. वाचकाच्या मनात तो प्रसंग फुगायला जागा लागते.

रंधा

जोडणी पक्की झाली की मगच वाक्यांवर शेवटचा बारीक रंधा फिरवायचा. एक खर्डा घेऊ. ठाण्यातल्या एखाद्या स्मरणिकेत असा मजकूर येऊ शकतो:

'दिनांक १६ एप्रिल १८५३ हा दिवस खऱ्या अर्थाने ठाणे शहराच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचा असा दिवस म्हणून ओळखला जातो. या दिवशी बोरीबंदर ते ठाणे या दरम्यान आपल्या देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावलेली होती. सदर गाडीला साहिब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने जोडण्यात आलेली होती. तसेच या गाडीच्या माध्यमातून सुमारे चारशे निमंत्रितांनी प्रवास केलेला होता. त्याचप्रमाणे सदर प्रवासासाठी ५७ मिनिटांचा कालावधी लागलेला होता.'

यात एकही माहिती चुकीची नाही, शुद्धलेखनाचीही चूक नाही. तरी वाचवत नाही. पहिलं वाक्य घटनेआधीच तिचं महत्त्व सांगून टाकतं. पुढची चारही वाक्यं 'होती'-'होता'वर आपटतात. 'माध्यमातून', 'सदर', 'कालावधी' हे शब्द सरकारी परिपत्रकातून आले आहेत. आता रंधा मारू:

'१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी सुटली. ओढायला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित. सत्तावन्न मिनिटांनी गाडी ठाण्यात शिरली आणि देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचा प्रवास पुरा झाला.'

डबे आणि वेळ यांची भर पडूनही मजकूर आखूड झाला. 'पहिली' हा शब्द मागे गेला, त्यामुळे महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही. 'होती' एकदाच उरली, म्हणून ती खटकत नाही.

आपल्या मजकुरावर रंधा फिरवताना आधी काय शोधायचं ते सांगतो. वाक्यांचे शेवट ओळीने बघा. लागोपाठ तीन वाक्यं 'आहे'वर संपत असतील तर मधलं मोडा. 'करण्यात आले', 'घेण्यात आला' यांच्या जागी कोणी केलं ते लिहा. नामाआधी विशेषणांची रांग लागली असेल तर ती सोडवा. 'गेली तीस वर्षं वाचनालयात काम करणाऱ्या, पुस्तकांवर मनापासून प्रेम असणाऱ्या, सर्वांच्या लाडक्या काकांनी' एवढं वाचेपर्यंत काकांनी काय केलं याची उत्सुकता संपते. काकांना आधी काम करू द्या, मग त्यांच्याबद्दल सांगा. आणि 'अत्यंत', 'खऱ्या अर्थाने', 'एक वेगळाच', 'अक्षरशः' हे शब्द काढून वाक्य वाचा. बहुतेक वेळा ते जास्त ठाम होतं.

एक सावधगिरी. रंधा इतकाही मारू नये की फळी पातळ होईल. काही वाक्यं गाठाळ असतात आणि तशीच राहायला हवीत. आईने सांगितलेली, तिच्या बोलण्याच्या वळणाची लांबलचक ओळ तोडून तीन सुबक वाक्यं केली तर आई त्यातून निघून जाते.

दुसऱ्याच्या लाकडाची रेषा

हा भाग स्मरणिका आणि अंक संपादित करणाऱ्यांसाठी. प्रत्येक फळीला रेषांची दिशा असते. त्या दिशेने रंधा चालवला तर ढलपी सलग निघते, उलट चालवला तर तंतू उपटून येतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. दुसऱ्याचा लेख हातात घेतला की आधी एकदा पेन्सिल न उचलता तो पूर्ण वाचा. हा माणूस कसा बोलतो, लांब वाक्यात की तुटक, ते ओळखा. मग त्याच्याच वळणाने दुरुस्ती करा.

ठाणे-कल्याणच्या अंकांत याची खरी कसोटी आगरी बोलीत लागते. गावातल्या जाणत्या माणसाची आठवण आगरीत लिहून आली की 'वाचकांना कळणार नाही' म्हणून तिचं प्रमाण मराठी करून टाकणारे संपादक आहेत. हे मला अजिबात मान्य नाही. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की नाही ते लेखकाला विचारा, पण संवाद बोलीत आले असतील तर त्यांना हात लावू नका. एखादा शब्द अडत असेल तर आजूबाजूच्या वाक्यातून त्याचा अर्थ उलगडेल अशी सोय करायला लेखकाला सुचवा. ही बोली या खाडीकाठची आहे. ती इथल्या अंकात आली नाही तर कुठे येणार?

मराठीत संपादनाचा मानदंड म्हणून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं घेतली जातात. त्यांनी संपादित केलेलं 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद झालं, तरी त्यांनी हस्तलिखितं कशी वाचली, पत्रांतून काय विचारलं, कथा पुन्हा लिहायला कशी लावली, हे अनेक लेखकांनी सांगून ठेवलं आहे. स्वतः लिहून देण्याऐवजी लेखकाला प्रश्न विचारून त्याच्याकडूनच लिहून घेणं, ही त्यांच्या कामातली उचलण्यासारखी गोष्ट. त्याच 'सत्यकथे'चा अंक साठच्या दशकाअखेर लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी निषेध म्हणून जाळला, हेही विसरू नये. एका प्रकारच्या लाकडावर उत्तम चाललेला हात दुसऱ्यावर उलटा बसू शकतो. म्हणून समासात आज्ञा लिहिण्यापेक्षा प्रश्न लिहा: 'इथे कोण बोलतंय?', 'हे कधी घडलं?', 'हा परिच्छेद आधी आला तर?' आणि छापण्यापूर्वी दुरुस्त प्रत लेखकाला दाखवा. ते न करणं हा अपराध आहे.

आता पॉलिश

शुद्धलेखन आणि मुद्रितशोधन यांची पाळी आत्ता आली. परिच्छेद अजून हलवायचे असताना ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणं म्हणजे वाया जाणारे श्रम. पण पाळी आली की हयगय नको. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढले. अठरा नियम पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. शब्द अडला तर अंदाज करू नका, कोश उघडा. ठाण्यात राहून ज्यांनी या कामाला आयुष्य दिलं त्या अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर असावा; सुताराच्या निसण्याइतकीच त्याची गरज रोज पडते. पारंपरिक, उज्ज्वल, तज्ज्ञ, आशीर्वाद, कोट्यधीश हे शब्द तुमच्या मजकुरात कसे पडले आहेत ते आजच पाहा.

छपाईसाठी मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये किंवा उलट नेला असेल तर तो पुन्हा वाचावाच लागतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र आणि 'अर्थ', 'धर्म' यांतला रफार जागा सोडतात. आकडे, तारखा आणि माणसांची नावं वेगळ्या फेरीत तपासा. वाक्य वाचण्याच्या ओघात ती निसटतात. शेवटचा हात दुसऱ्या कुणाचा असू द्या, कारण या टप्प्यावर लेखकाचे डोळे निरुपयोगी झालेले असतात. घरातलं कुणीही चालेल, फक्त त्याने पेन्सिल घेऊन वाचावं.

दिवाळी अंकांचा मजकूर साधारण जुलै-ऑगस्टमध्ये संपादकांकडे जातो. यंदा पाठवणार असाल तर खर्डा जूनच्या सुरुवातीलाच पुरा करा आणि बाजूला ठेवा. पावसाच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्याला हात लावू नका. मग समासातल्या ओळींपासून सुरुवात करा, आणि पहिलं वाक्य सजवायचा मोह झाला तर ते सगळ्यात शेवटी करायचं आहे, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.